टायटल : नाव आणि हक्क यांचा इतिहास

दापोडीत घराच्या व्यवहाराची बोलणी सुरू झाली की दोन प्रश्न हमखास येतात. घर कोणाच्या नावावर आहे? आणि टायटल क्लिअर आहे का? विचारणाऱ्याला दोन्ही प्रश्न एकच वाटतात. गृहकर्जासाठी बँकेत गेलात तर तिथेही वकिलाचा ‘सर्च आणि टायटल रिपोर्ट’ मागतात. हाच शब्द आमच्या शाळेतल्या मुलांना मात्र वेगळ्या ठिकाणी भेटतो. पुस्तकाचे टायटल, सिनेमाचे टायटल साँग, क्रिकेटमध्ये जिंकलेले टायटल. पुस्तकाचे नाव, विजेत्याचा मान आणि जमिनीची मालकी या तीन गोष्टींना इंग्रजीत एकच शब्द का असावा?

मी उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी नाही. पण कुठल्याही भाषेतला शब्द समजून घ्यायचा तर त्याचे घराणे पाहावे लागते, ही सवय बी.एड.च्या दिवसांपासून लागलेली आहे. ‘टायटल’चे घराणे शोधू लागले तेव्हा रस्ता थेट आपल्या सातबाऱ्यापर्यंत आणि आपल्या घरातल्या लेकीबाळींपर्यंत आला. म्हणून हा लेख.

टायटलचा मूळ शब्द लॅटिनमधला ‘टिटुलस’. त्याचा साधा अर्थ पाटी. रोमन सेनापती युद्ध जिंकून परतला की त्याच्या मिरवणुकीत जिंकलेल्या शहरांची आणि लोकांची नावे लिहिलेल्या पाट्या उंच धरून नेत. घर विकायचे असेल तर त्यावर पाटी लागे. गुलामांच्या बाजारात विकायला उभ्या केलेल्या माणसाची पाटी असे आणि तिच्यावर त्याला कोणता आजार आहे, कोणते व्यंग आहे, तो पळून जाणारा आहे का, हे लिहिणे विक्रेत्यावर बंधनकारक होते. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा तसा हुकूमच होता आणि ऑलस गेलियस या रोमन लेखकाने त्याचा मजकूर नोंदवून ठेवला आहे. ख्रिस्ती परंपरेत येशूंच्या क्रुसावर जी पाटी लावल्याचे सांगतात, तीही टिटुलसच.

या सगळ्या पाट्यांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्याविषयी पाटी लिहिली गेली त्याने ती स्वतः लिहिलेली नाही. हरलेल्या शहराने आपले नाव मिरवणुकीत नेले नाही आणि गुलामाने आपली पाटी आपल्या हाताने लिहिली नाही.

पुढे रोमन कायद्याने हा शब्द उचलला. दुसऱ्याची वस्तू ठरावीक काळ ताब्यात राहिली तर ती आपली होऊ शके, पण त्यासाठी नुसता ताबा पुरेसा नव्हता. ताबा कशाच्या आधारावर मिळाला हे सांगावे लागे. खरेदी, बक्षीस, वारसा, हुंडा असा काहीतरी न्याय्य आधार लागे. त्या आधारालाही ‘टिटुलस’ म्हणू लागले. पाटीवरचे नाव असा अर्थ असलेला शब्द अशा रीतीने हक्काचा पाया झाला. फ्रेंचमार्गे तो इंग्लंडला पोहोचला. ‘एन्टायटल’ हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकाला किंवा प्रकरणाला नाव देणे या अर्थाने दिसते आणि पंधराव्या शतकात हक्क देणे या अर्थाने. आज ‘एन्टायटलमेंट’ म्हटले की नाव कोणाच्या डोक्यातही येत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या दुष्काळावरील पुस्तकात हाच शब्द वापरून दाखवले की १९४३ च्या बंगालमध्ये लाखो माणसे मेली ती धान्य संपले म्हणून नव्हे, तर ते मिळवण्याचा आधार त्यांच्या हातून गेला म्हणून.

पाटी लिहिण्याचा असा एक उद्योग आमच्या दापोडीतही झाला आहे. पेशव्यांसाठी उभारलेल्या इंग्रजी पद्धतीच्या पलटणीचा तळ इथे होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा मेजर फोर्ड हीच पलटण घेऊन दापोडीहून इंग्रजांना जाऊन मिळाला. राज्य बदलल्यावर इथे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान आणि शेजारी वनस्पती उद्यान झाले. इंग्रज कागदांत गावाचे नाव ‘दापुरी’ असे आहे. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर त्या उद्यानाचा प्रमुख होता. त्याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या झाडाफुलांची चित्रे काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रे आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत आणि ‘दापुरी चित्रे’ म्हणून ओळखली जातात. त्यांच्यामुळे झाडांची लॅटिन नावे टिकली, गिब्सनचे नाव टिकले, चुकीच्या स्पेलिंगसह का होईना पण दापोडीचेही टिकले. ज्याने ती काढली तो पोर्तुगीज-भारतीय चित्रकार होता एवढेच माहीत आहे. त्याचे नाव कुठेही लिहिलेले नाही.

आता आपल्या भाषांकडे येऊ. इंग्रजी ‘टायटल’साठी मराठीत निदान तीन शब्द लागतात. पुस्तकासाठी शीर्षक, मानासाठी किताब, मालमत्तेसाठी मालकी हक्क. यातला ‘किताब’ मजेशीर आहे. उर्दूत पुस्तक म्हणजे ‘किताब’ आणि पदवी म्हणजे ‘ख़िताब’. दोन्ही वेगळे शब्द, वेगळ्या धातूंचे. मराठीने दोघांना एकाच उच्चारात बसवले. ख़िताब ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूचे ‘खुतबा’ आणि ‘खतीब’. मुळात हे सगळे बोलण्याचे, संबोधण्याचे शब्द आहेत. लोक ज्या नावाने संबोधतात तो ख़िताब.

‘हक्क’ मात्र नावाच्या घराण्यातला नाही. अरबीत ‘हक़’ म्हणजे सत्यही आणि अधिकारही. ‘अल-हक़’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक. मराठीत ‘खरी हकीकत सांग’ म्हणताना आपण जो शब्द वापरतो तो ‘हक्क’चा सख्खा भाऊ आहे. इंग्रजीने अधिकार पाटीवरच्या नावाशी बांधला. अरबीने तो सत्याशी बांधला. पाटी कोणीतरी लावतो आणि कोणीतरी काढतो. जे सत्य आहे ते कागदावर लिहायचे राहिले तरी सत्यच असते.

मराठी माणसाने दोन्ही घेतले. आपण ‘हक्क’ म्हणतो आणि त्याच दमात ‘माझ्या नावावर आहे’ असेही म्हणतो. नाव लागले, नाव चढले, नाव कमी केले, ही तलाठ्याच्या कार्यालयातली रोजची भाषा आहे. या भाषेत नाव लागणे म्हणजे हक्क मिळणे आणि नाव कमी होणे म्हणजे हक्क जाणे. हे समीकरण खरे आहे का, हा आपल्या लेखातला कळीचा प्रश्न आहे.

वर्गातली हजेरी घेताना मी पुष्कळदा त्या आडनावांवर थांबते. काझी, खतीब, मुलाणी, मुजावर, इनामदार, जहागीरदार, सनदी. ही नुसती नावे नाहीत, एके काळी ती हक्कांची नावे होती. काझीला निकाह लावण्याचा आणि नोंदवण्याचा मान होता आणि त्यासाठी जमीन होती. मुलाणी हा गावगाड्यातला वतनदार, त्याचा गावाच्या उत्पन्नात ठरलेला वाटा. मुजावर दर्ग्याची सेवा करी. सनदी म्हणजे ज्याच्याजवळ सनद आहे तो. हिंदू समाजात देशमुख, कुलकर्णी, पाटील ही आडनावे याच मार्गाने आली आणि त्यातली पाटील, देशमुख आपल्यातही आहेत. निजामशाही, आदिलशाही, मोगल, शिवशाही, पेशवाई असे राज्य बदलत गेले तरी नवा राजा जुन्या सनदा बहुधा पुढे चालू ठेवत असे.

इंग्रज आले आणि ‘टायटल’ हा शब्द त्यांच्या कायद्यासह आला. जमीन इनाम आहे म्हणता, तर टायटल दाखवा. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या इनाम कमिशनला तपासणीचे पूर्ण अधिकार मिळाले. लोकांनी पेट्या उघडल्या. कोणाची सनद वाळवीने खाल्लेली, कोणाची धामधुमीत हरवलेली, कोणाकडे पहिल्यापासून कागदच नाही, सारा गाव ओळखतो हाच पुरावा. इतिहासाच्या पुस्तकांत सुमारे २० हजार इनामे जप्त झाल्याचा आकडा येतो. १८५७ च्या आधी दक्षिण महाराष्ट्रात जो असंतोष साचला त्याचे हे एक मोठे कारण. पुढे १८६३ मध्ये दोन कायदे करून सरकारने ही चौकशी आवरती घेतली आणि ठरावीक रक्कम भरणाऱ्यांना नव्या सनदा दिल्या.

इनाम कमिशनने जमिनी घेतल्या ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, ती फारशी कोणी सांगत नाही. इनाम कधी पुढे चालू ठेवायचे याचे नियम कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात आहेत. मशिदी, मंदिरे यांच्या जमिनी कायम ठेवायच्या, असा एक नियम त्यात आहे. पण व्यक्तीचे इनाम असेल आणि ते इंग्रजी अंमलापूर्वी साठ वर्षे अखंड चालत आलेले असेल, तर ते त्यावेळच्या इनामदाराचा पुरुष वारस असेपर्यंत चालेल आणि तो वारसाही फक्त पुरुषांच्या साखळीतूनच मोजला जाईल. म्हणजे मुलाचा मुलगा, त्याचा मुलगा. मध्ये मुलगी आली की साखळी तुटली.

वतनांचे तेच झाले. १८७४ मध्ये वतनांचा कायदा झाला आणि १८८६ च्या पाचव्या कायद्याने त्यात दुरुस्ती केली. शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून वतनदार घराण्यातली कोणतीही स्त्री वारसाक्रमात घराण्यातल्या पात्र पुरुषांच्या मागे ढकलली गेली. मुलगी असताना दूरचा चुलतभाऊ पुढे. कायदा वतनदार घराण्यांचा होता, त्यात धर्माची अट नव्हती.

त्याआधीच, १८४७ मध्ये, मुंबईच्या सुप्रीम कोर्टासमोर खोजा आणि मेमन समाजातल्या मुलींचे दावे आले होते. आम्ही मुसलमान आहोत, कुरआनने ठरवून दिलेला वाटा आम्हाला द्या, एवढीच त्यांची मागणी. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या समाजांत मुलींना वाटा न देण्याचा रिवाज आहे आणि तो रिवाजच मानला जाईल. मुली हरल्या. इलाख्याच्या इतर भागासाठी एल्फिन्स्टनच्या काळातला १८२७ चा नियम होता. त्यातही देशाचा रिवाज आधी आणि प्रतिवादीचा धर्मकायदा नंतर, असाच क्रम होता.

आज आपल्या घरांत ‘आपल्यात मुली जमिनीत वाटा घेत नाहीत’ असे ठामपणे सांगितले जाते. सांगणारा बहुतेक वेळा पाच वक्तचा नमाजी असतो आणि ही गोष्ट दीनचाच भाग असल्यासारखी बोलतो. ती दीनचा भाग नाही. सूरह निसाने स्त्रियांचा वाटा स्पष्ट ठेवला आहे, मालमत्ता थोडी असो की जास्त. मुलाच्या निम्मा मुलीला, मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा, आईला सहावा. हे हिस्से बरोबरीचे असावेत का, यावर चर्चा करणारे लोक आपल्या समाजात आहेत आणि ती चर्चा व्हावी. पण निम्म्यावरून सुरू झालेली गोष्ट शून्यावर कशी आली, हे आधी विचारायला हवे. तिथपर्यंत ती गावच्या रिवाजाने, पेरीसाहेबांच्या निकालाने आणि इनाम-वतनांच्या कायद्यांनी आणून ठेवली आहे. पुरुषांना ती सोयीची होती म्हणून टिकली.

१९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांच्या बाबतीत रिवाज बाजूला सारला आणि वारसा शरियतीप्रमाणे ठरवला. त्यात शेतजमीन मात्र वगळली. कारण तांत्रिक होते. १९३५ च्या कायद्याप्रमाणे शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता, केंद्राच्या कायदेमंडळाला त्यात हात घालता येत नव्हता. पण या एका अपवादाने शेतकरी घरातल्या मुलीच्या वाट्याभोवती शंकेचे धुके ठेवले. मद्रासने, पुढे केरळने स्वतःच्या कायद्याने तो अपवाद काढून टाकला. आपल्याकडे तो अजून मजकुरात आहे. रिवाज सांगणाऱ्याला कोर्टात तो सिद्ध करावा लागतो, हा दिलासा आहेच. पण कोर्टापर्यंत जाणारी बहीण किती घरांत असते?

वतने आणि इनामे स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकातल्या कायद्यांनी गेली. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने राज्याकडून मिळणारे किताबही रद्द केले आणि खान बहादूर, राव बहादूर इतिहासजमा झाले. इनामदारांचे इनाम गेले, आडनाव उरले. मुलीला बाजूला ठेवण्याची सवयही उरली.

आता मघाच्या समीकरणाकडे. सातबाऱ्यावर नाव म्हणजे हक्क का? सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. त्यातला सात म्हणजे अधिकार अभिलेख. ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. तिचा पहिला उद्देश सरकारने महसूल कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते की ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे की फेरफार नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही. ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत नाव म्हणजेच मालकी आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तशी हमी नाही. आपल्याकडे टायटल म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसा असा आधार. रोमन कायद्यातल्या त्या टिटुलससारखाच.

याचा साधा अर्थ असा की वडिलांच्या मृत्यूनंतर भावांनी फक्त आपली नावे लावली आणि बहिणीचे लावले नाही, तर बहिणीचा हक्क तेवढ्याने जात नाही. मुस्लिम कायद्यात वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणी निर्माण होतो. तलाठी नोंद करतो तेव्हा नव्हे. वडील हयात असताना मुलीकडून ‘मला काही नको’ असे लिहून घेतात, त्यात तर तो हक्क जन्मालाच आलेला नसतो. जे अजून नाही ते सोडायचे कसे?

मागे एका माजी विद्यार्थिनीची आई माझ्याकडे एक कागद वाचून घ्यायला आली होती. गावाकडून भावाने पाठवला होता. ‘वारसनोंदीसाठी सही हवी’ एवढेच त्याने फोनवर सांगितलेले. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात ‘हक्कसोडपत्र’ असे होते. म्हणजे टायटल होतेच, बाईंना वाचता येत नव्हते एवढेच. मी त्यांना मजकूर वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला. सही करा किंवा करू नका, हे सांगणे माझे काम नव्हते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “माहेर तुटेल ना, मॅडम.” पुढे त्यांनी काय केले ते मी विचारले नाही. पण आजही हा विषय निघाला की मला कलमांच्या आधी ते वाक्य आठवते. आपल्या बहिणी वाटा सोडतात तो बहुधा प्रेमाने नव्हे, ईदला दार उघडे राहावे म्हणून. तो वाटा म्हणजे माहेरची फी झाली आहे.

नाव लावून घेण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यावी असा आग्रह धरला. पुढे सरकारनेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची योजना आणली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा नियम झाला. या चांगल्या गोष्टी आहेत. पाटीवर नाव असलेल्या माणसाला जग विचारते. दापोडी-फुगेवाडीसारख्या वस्तीत हे जास्तच जाणवते. इथे कोणाकडे प्रॉपर्टी कार्ड, कोणाकडे नोटरी केलेला करार, कोणाकडे झोपडीचा फोटोपास. नवरा गेला किंवा सोडून गेला की त्या कागदावर बाईचे नाव आहे की नाही, यावर तिचे छप्पर ठरते.

म्हणून नाव लावून घ्यायलाच हवे. वारसनोंद करताना बहिणींची, आईची नावे अर्जात लिहायला हवीत. इंतकालानंतर तीन महिन्यांत ही वर्दी द्यायची असते आणि जेवढा उशीर तेवढी कायद्याची गुंतागुंत वाढते. ज्याला वाचता येते त्याने न वाचता येणाऱ्याला कागदाचे शीर्षक तरी वाचून दाखवायला हवे. जुम्म्याच्या खुतब्यात जकात, रोजा यांच्यासोबत मीरासचा मसलाही यायला हवा. खतीबांचे काम मुळात बोलण्याचेच आहे.

पण हे करताना शब्दांचा क्रम उलटा होऊ देऊ नये. भाऊ अर्जात बहिणीचे नाव लिहितो तेव्हा तो तिला काही देत नाही. जे तिचे आधीच होते त्याची तो नोंद करतो. लिहीत नाही तेव्हा तो खोटी पाटी लावतो, मग सातबारा कितीही स्वच्छ दिसो. हक्क आणि हकीकत हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, हे मी वर्गात मुलांना सांगते. मुलींना जरा जास्त वेळा सांगते.